तळहातावरचा ध्रुवप्रकाश

दिगंबर थळे यांच्या अंगावर कपडे चढवायला त्या दिवशी पस्तीस मिनिटं लागली. लोकरीची बनियन, तिच्यावर स्वेटर, त्यावर आणखी एक स्वेटर, मग पिसं भरलेलं जाकीट आणि सगळ्यांवर सहल कंपनीने दिलेला अवजड डगला. हेमांगीबाईंनी शेवटची चेन नवऱ्याच्या हनुवटीपर्यंत ओढली आणि त्या दोन पावलं मागे सरल्या. थळ्यांना ते त्यांच्या बुटांच्या आवाजावरून कळलं.

"नाव दिगंबर आणि अंगावर एकावर एक पाच कपडे," त्या म्हणाल्या. "सासूबाईंनी पाहिलं असतं तर पुन्हा बारसं केलं असतं."

"हसून घे. बाहेर किती आहे?"

"उणे एकवीस."

"आणि उजेड?"

हेमांगीबाई खिडकीशी गेल्या. भर दुपारचे बारा वाजले होते. "मिट्ट काळोख आहे. इथे तुमच्या-माझ्यात काही फरक नाही बघा."

दुसऱ्या कुणी असं म्हटलं असतं तर थळ्यांना लागलं असतं. बायकोने म्हटलं म्हणून ते हसले.

सन २०३९चा डिसेंबर. नॉर्वेच्या मुख्य भूमीपासूनही शेकडो किलोमीटर उत्तरेला असलेलं स्वालबार्डचं बेट. इथे ऑक्टोबरअखेर मावळलेला सूर्य थेट फेब्रुवारीत उगवतो, त्यामुळे ध्रुवप्रकाश पाहायला रात्रीची वाट बघावी लागत नाही. जेवणाच्या वेळेलाही तो आकाशात असू शकतो. महाराष्ट्रातून आलेल्या बारा प्रवाशांत अकरा डोळस होते. बारावे थळे. काचबिंदूने त्यांची दृष्टी पाच वर्षांपूर्वी पुरती नेली होती.

आंधळा माणूस ध्रुवप्रकाश पाहायला कशाला जातो, असं विमानतळावर एकाने हळू आवाजात विचारलं होतं. हळू आवाज थळ्यांना नेहमीच स्पष्ट ऐकू येई. त्यांनी उत्तर दिलं नाही, कारण उत्तर लांबलचक होतं.

थळ्यांनी एकतीस वर्षं कोकण किनाऱ्यावरच्या एका चुंबकीय वेधशाळेत काढली होती. पृथ्वीचं चुंबकत्व क्षणोक्षणी मोजायचं आणि नोंदवायचं, हे काम. त्या इमारतीत लोखंडाचा एक खिळाही नव्हता. दगड, सागवान, पितळेच्या बिजागऱ्या. कामावर येणारा माणूस किल्ल्या, पट्टा, घड्याळ सगळं फाटकाशी काढून ठेवी. सायकलीसुद्धा दोनशे मीटर अलीकडे. नोंद बिघडली तर तेवढी जागा कोरी सोडायची, अंदाजाने रेघ ओढून मोकळं व्हायचं नाही, हा तिथला पहिला धडा. थळ्यांनी तो असा काही अंगी बाणवला होता, की घरी दुधाचा हिशेब चुकला तरी ते आकडा लिहीत नसत, प्रश्नचिन्ह काढत.

सूर्यावरून सुटलेले विद्युतभारित कण पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राला धरून ध्रुवांकडे येतात. शंभर-दोनशे किलोमीटर उंचीवर ते हवेवर आदळतात आणि हवा उजळते. डोळ्यांना दिसतो तो भाग एवढाच. पण त्याच वेळी त्या उंचीवर लाखो अँपिअरचा विद्युतप्रवाह वाहत असतो, आणि प्रवाह वाहिला की खाली जमिनीवरचं चुंबकत्व थरथरतं. मोठं वादळ असलं की ती थरथर पार कोकणापर्यंत पोचते. तिकडे ध्रुवावर आकाश पेटलेलं असे आणि इकडे थळ्यांच्या कागदावर एक रेघ वेडीवाकडी होई. एकतीस वर्षं त्यांनी ध्रुवप्रकाशाची रेघ पाहिली. प्रकाश एकदाही पाहिला नाही.

जायचं तीनदा ठरलं होतं. पहिल्यांदा मुलीची दहावी आली, मग सासूबाईंचं आजारपण, मग हेमांगीबाईंच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया. तिन्ही वेळा "पुढच्या वर्षी जाऊ की" असं हेमांगीबाईच म्हणाल्या होत्या. पुढच्या वर्षी डोळे राहिले नाहीत. त्याबद्दल थळे कधी चकार शब्द बोलले नाहीत, आणि तेच हेमांगीबाईंना सलत असे. म्हणून हे नवं यंत्र निघाल्याचं कळताच त्यांनी कुणाला न विचारता दोन जागा नक्की केल्या. नवऱ्याला एकदा ध्रुवप्रकाश भेटवायचा, मग आपण सुटलो, असं त्यांनी मनाशी धरलं होतं.

यंत्राचं नाव स्पर्शपट. केतकी बोकारे नावाच्या नागपूरच्या मुलीने तो थळ्यांच्या डाव्या हातावर चढवला. ती त्या सहल कंपनीची तंत्रज्ञ होती, तीन हिवाळे बेटावर राहिलेली.

"काका, हात उताणा ठेवा. आत नऊशे बारीक टोकं आहेत, तुमच्या तळव्यावर वरखाली होतील. बेटावर बर्फात आम्ही चाळीस चुंबकमापक पुरले आहेत. वर कुठे किती प्रवाह वाहतोय ते त्यांच्यावरून कळतं आणि तेच इथे उमटतं. मनगट म्हणजे दक्षिण, बोटं म्हणजे उत्तर. अंगठा पश्चिम, करंगळी पूर्व. आणि तळव्याची खळगी म्हणजे बरोबर डोक्यावर."

थळ्यांनी श्वास रोखून ऐकलं. आयुष्यभर एका जागी बसून एक रेघ मोजलेल्या माणसाला ही पोरगी अख्खं आकाश हातात देत होती. काय डोकं लावलंय कुणीतरी, असं त्यांना वाटलं आणि त्यांनी ते बोलूनही दाखवलं.

"हेमा, बांगडीतल्या सेफ्टी पिना काढल्यास का?"

"सगळ्यात जवळचा मापकसुद्धा चार किलोमीटरवर आहे काका," केतकी हसली. "काकूंच्या पिना चालतील."

"चालतील काय! एकतीस वर्षं याच पिनांवरून बोलणी खाल्ली आहेत मी," हेमांगीबाई म्हणाल्या.

त्या दुपारी आकाश ढगांनी गच्च होतं. अकरा डोळस प्रवासी विश्रामगृहाच्या ओसरीवर उभे राहून हिरमुसले होते. थळे बाकावर बसले होते. साडेबाराच्या सुमाराला त्यांच्या तळव्यावर टोकं उठू लागली.

"हेमा!" ते ओरडले. "आला गं, आला!"

करंगळीकडून अंगठ्याकडे एक कमान सरकली. तिच्यामागे दुसरी. मग खळगीत जोराचे दोन ठोके आणि सगळा तळवा सळसळू लागला. थळे भडाभडा बोलत सुटले. कमान कुठे आहे, कुठे दुमडली, आता डोक्यावर कशी आली. लोक भोवती जमले. "ढगांच्या वर चाललंय ते यांना कळतंय!" कुणीतरी म्हणालं आणि टाळ्या पडल्या. हेमांगीबाईंनी त्यांचा खांदा धरला होता. त्या रडत होत्या आणि ते लपवत नव्हत्या.

मग तळव्याच्या मध्यावर टोकांची एक पायरी चढली. एकदम, उभी. ती तिथेच राहिली. बाकीची सळसळ तिच्या डोक्यावरून चालू होती, पायरी मात्र हलेना. थळे बोलता बोलता थांबले आणि मनात मोजू लागले. अकरा मिनिटांनी पायरी तशीच उभी खाली उतरली.

त्यांना ती ओळखू आली. स्वतःचं अक्षर ओळखावं तशी ओळखू आली.

छत्तीस वर्षांपूर्वी, ऑक्टोबरात, एक प्रचंड चुंबकीय वादळ आलं होतं. थळे सकाळपासून यंत्रापाशी बसले होते, जेवायला घरी गेले नव्हते. दीड वाजला तरी नवरा येईना म्हणून नव्या स्कूटरवर डबा घेऊन हेमांगीबाई निघाल्या, आणि घाईत फाटकाशी न थांबता स्कूटर थेट वेधकक्षाच्या भिंतीला आणून लावली. शंभर किलो लोखंड! रेघ उभीच्या उभी चढली. थळे बाहेर धावत आले, वाटेल ते बोलले. हेमांगीबाईही गप्प बसणाऱ्या नव्हत्या. भांडण होऊन स्कूटर जाईपर्यंत अकरा मिनिटं गेली. वादळाच्या ऐन भरात अकरा मिनिटांची नोंद नासली. थळ्यांनी समासात लिहिलं, 'नोंद अशुद्ध, कक्षाजवळ वाहन', आणि त्या वाहनाचा मालक कोण ते लिहिलं नाही. त्यांच्या नोकरीतली ती एकमेव लपवाछपवी.

"थांबलं का हो?" हेमांगीबाईंनी विचारलं.

"थांबलं," थळे म्हणाले. "थंडी वाजतेय. आत जाऊ."

संध्याकाळी हेमांगीबाई मुलीशी फोनवर बोलत होत्या. "अगं, लहान मुलासारखे ओरडले! मी सार्थक झालं म्हटलं माझं." थळे भिंतीला धरून, दारं मोजत, केतकीच्या खोलीशी गेले.

"काका? एकटे कसे काय आले तुम्ही?"

"आज आकाशात काही नव्हतं ना?"

तिची खुर्ची करकरली. "तुम्हाला कसं कळलं?"

"तुझ्या यंत्राने आज माझ्या तळहातावर माझ्या बायकोची स्कूटर उभी केली."

त्यांनी सगळं सांगितलं. केतकीला आधी हसू आलं. मग तिने कबूल केलं. वर शांत असलं की स्पर्शपट भरणी करतो. जगभरच्या वेधशाळांच्या शंभर वर्षांच्या जुन्या नोंदी यंत्राला शिकवल्या आहेत. त्यातलं एखादं वादळ निवडून, ताणून ते तळव्यावर वाजवतं. जुन्या नोंदी संगणकात भरताना आकडे तेवढे घेतले गेले. समासातले शेरे कुणी घेतले नाहीत.

"मला पटत नाही ते, पण मागच्या हिवाळ्यात एक आजी आल्या होत्या, चार दिवस तळव्यावर काहीच नाही. रडत रडत गेल्या हो काका. लोक आयुष्यात एकदाच येतात. कोरा हात घेऊन कसं पाठवायचं त्यांना?"

थळ्यांना तिचा राग आला नाही. यंत्राचाही आला नाही. दीडशे किलोमीटर उंचीवरचा प्रवाह माणसाच्या हातावर आणून ठेवणारं ते यंत्र त्यांना अजूनही थोर वाटत होतं. "भरणी बंद करता येते?"

"येते. पण उद्या-परवा सूर्य शांत आहे. काहीच मिळणार नाही कदाचित. आणि परवा संध्याकाळी तुमचं विमान आहे."

"बंद कर."

खोलीकडे परतताना ते पुन्हा दारं मोजत चालले. हेमाला सांगायचं की नाही? न सांगितलं तर तिचं समाधान टिकेल, घरी जाऊन ती दहा जणींना सांगेल, पुन्हा कधी त्या तीन वर्षांचा विषय मनात आणणार नाही. पण मग या जन्मी आपण तिला जे जे काही सांगू, त्यात हे एक मुरलेलं राहील. दाराशी ते बराच वेळ उभे राहिले. मग आत जाऊन त्यांनी सांगून टाकलं.

हेमांगीबाईंनी पूर्ण ऐकून घेतलं.

"एवढं खरं कुणी मागितलं होतं तुमच्याकडे?" त्या म्हणाल्या. "माझ्यामुळे तुमचे डोळे असताना यायचं राहिलं. एवढं एक काढून टाकायचं होतं मला मनातून. एक दिवस तरी ठेवायचं होतं तसंच."

"तुझ्यामुळे नाही राहिलं."

"माझ्यामुळेच. आणि तुम्ही कधी बोलला नाहीत, ते त्याहून वाईट."

"बोललो नाही कारण मी रागावलो होतो," थळे म्हणाले. "दोन वर्षं रागावलो होतो. मग राग गेला. तो गेल्याचंही सांगायचं राहिलं."

हेमांगीबाईंनी दिवा बंद केल्याचा खटका ऐकू आला.

दुसऱ्या दिवशी थळे दोन तास ओसरीवर बसले. तळव्यावर काही उठलं नाही. एकदा करंगळीच्या मुळाशी किंचित चाळवल्यासारखं झालं, तेही विरलं. हेमांगीबाई खोलीतच राहिल्या. संध्याकाळी त्यांनी थळ्यांचं जेवणाचं ताट वाढून दिलं, पाण्याचा पेला हाताला लावून दिला आणि "मीठ आहे डावीकडे" एवढंच म्हणाल्या.

शेवटच्या दिवशी ढग आणखी खाली उतरले. बाकीची मंडळी कुत्र्यांच्या गाडीतून फिरायला निघून गेली. बारा वाजता थळे एकटेच डगला चढवू लागले, बाही सापडेना. कुणीतरी बाही धरली. चेन हनुवटीपर्यंत गेली.

"चला," हेमांगीबाई म्हणाल्या. "चहा घेतलाय बरोबर."

दोघं बाकावर बसली, उत्तरेकडे तोंड करून. वारा पडला होता. ढगांमुळे थंडीही जरा कमी, उणे नऊ. साडेबारा झाले. थळे थर्मासच्या झाकणातून चहा पीत असताना मनगटापाशी काहीतरी हललं.

परवाचा गाजावाजा त्यात नव्हता. पाच-सहा टोकांची एक बारीक फळी मनगटाशी उठली, खळगीपर्यंत आली, तिथून बोटांकडे सरकली आणि टोकांशी जाऊन विझली. थळे हलले नाहीत. सात मिनिटांनी दुसरी उठली, थोडी जास्त रुंद. तीही दक्षिणेतून निघून उत्तरेला गेली. मग तिसरी.

दुपारचा ध्रुवप्रकाश असाच येतो, हे त्यांनी पुस्तकात वाचलं होतं. पृथ्वीची सूर्याकडची बाजू, तिथे सूर्याचे कण थेट आत शिरतात, आणि दर काही मिनिटांनी प्रकाशाची एकेक लाट ध्रुवाकडे निघते. कोकणातल्या कुठल्याही कागदावर हे उमटलेलं नव्हतं. कुणाच्या जुन्या नोंदीतून हे उचललेलं नव्हतं. पंधरा कोटी किलोमीटरवरून निघालेली ती चीज या मिनिटाला त्यांच्या डोक्यावरून चालली होती आणि त्यांना ती कळत होती. त्या क्षणी त्यांना डोळ्यांची आठवण झाली नाही.

"हेमा," ते हळूच म्हणाले. "आलाय."

हेमांगीबाईंनी वर पाहिलं असावं. डगल्याची टोपी करकरली. "ढग आहेत नुसते. मला काहीएक दिसत नाही."

"दिसणार नाही."

थळ्यांना एकाएकी भीती वाटली. परवा याच बाकावर बसून त्यांनी टाळ्या घेतल्या होत्या. आज हिने मान डोलावून 'हो का, बरं झालं' म्हटलं, तर हे एवढं मोठं आकाश आपल्या एकट्याच्या हातात राहणार.

"हे खरं आहे?" हेमांगीबाईंनी विचारलं.

"खरं आहे."

त्यांनी पुन्हा विचारलं नाही. "परवा खोट्याला खोटं म्हणालात ना, नाहीतर आज मी तुमचं मन राखायला नुसतं हो हो म्हटलं असतं," त्या म्हणाल्या. हातमोज्याचा पट्टा चर्रकन सुटला आणि एक उघडा, ऊबदार तळहात थळ्यांच्या गुडघ्यावर येऊन पडला. "दाखवा."

थळ्यांनी उजव्या हाताचा मोजा दातांनी ओढून काढला. तर्जनी तिच्या मनगटावर ठेवली आणि डाव्या तळव्यावर जे उठत होतं ते जसंच्या तसं उतरवू लागले.

"इथून निघालाय. समुद्राच्या बाजूने. आता रुंद झाला, हा एवढा. इथे दुमडला बघ. आता आपल्या डोक्यावर आहे."

"किती मोठा असेल हो?"

"आपल्या कोकणपट्टीएवढा लांब."

"आणि रंग?"

"रंग मला कळत नाही. दुपारचा तांबडा असतो असं वाचलंय."

"मग तांबडा धरते."

लाट बोटांकडे गेली. थळे वेगाने बोलत नव्हते. टोकं जेवढी उठत तेवढंच बोट फिरवत होते, जिथे काही नव्हतं तिथे बोट उचलून धरत होते. चौथी लाट गेली, पाचवी गेली. सहावी दोन फाट्यांत फुटली, एक तर्जनीकडे आणि एक अनामिकेकडे. थळ्यांनी दोन बोटांनी ती काढली. हेमांगीबाई मधूनमधून "हां", "बरं" म्हणत होत्या. मग त्यांचं "हां" थांबलं.

"अहो," त्या म्हणाल्या. "एक सांगू? रागावू नका."

"काय?"

"मघापासून मला काही कळतच नाहीये. हात बधिर झालाय. तुमचं बोट कुठे आहे तेही लागत नाही."

थळ्यांना असं काही हसू आलं, की बाकावरचं बर्फ खाली घसरलं. हेमांगीबाईही हसू लागल्या. थळ्यांनी तिचा तो गारठलेला हात उचलला, त्यावर फुंकर घातली, आपल्या डगल्याच्या आत छातीशी कोंबला. मनगटाशी सातवी लाट उठत होती.

"लवकर," ते म्हणाले. "दुसरा हात दे."